विरोधी बाकांवर खातेवाटप व्हावे

जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडचा एदलाबाद, म्हणजे आजचा मुक्ताईनगर मतदारसंघ. या एका मतदारसंघाने महाराष्ट्राच्या विधानसभेला दोन विरोधी पक्षनेते दिले. पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार असताना १९७९-८० मध्ये प्रतिभाताई पाटील यांनी ते पद सांभाळले. पुढे २००९ ते २०१४ या काळात एकनाथराव खडसे त्या आसनावर होते. याच जिल्ह्यातून विधानसभेचे दोन अध्यक्षही झाले. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ या काळात अध्यक्ष होते. सभागृह चालवणे आणि सभागृहात सरकारला जाब विचारणे, ही दोन्ही कामे खान्देशाला परकी नाहीत.

नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर मात्र इथले चित्र पुरते बदलले. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा आहेत, धुळे जिल्ह्यात ५. या सोळाच्या सोळा जागा महायुतीने जिंकल्या. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या मंत्रिमंडळात गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, संजय सावकारे आणि जयकुमार रावल अशी चार नावे या दोन जिल्ह्यांतली होती. तापी खोऱ्याचे जलसंपदा खाते, पाणीपुरवठा आणि स्वच्छता, वस्त्रोद्योग, पणन अशी खान्देशाच्या जिव्हाळ्याची खाती त्यांच्याकडे गेली. हा मतदारांचा कौल आहे आणि तो आदराने स्वीकारला पाहिजे. मंत्रालयात आपली चार माणसे असणे हे या जिल्ह्यांचे बळ आहे, हेही खरे.

पण मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो. उरलेले बारा आमदार सत्तारूढ पक्षांचे आहेत. त्यांनीही प्रश्न मांडावेत आणि त्यांतले काही मांडतातही. तरी आपल्याच सरकारला, त्यातही आपल्याच जिल्ह्याच्या मंत्र्याला, अडचणीत आणणारा उपप्रश्न कितीदा विचारायचा याला मर्यादा पडते. ती कोणत्याही पक्षाच्या आमदाराला पडली असती. विधान परिषदेत राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे सदस्य म्हणून खडसे आहेत. थेट लोकांनी निवडलेल्या विधानसभेत मात्र विरोधी बाकावर बसून जळगाव-धुळ्यासाठी उभा राहील असा या दोन जिल्ह्यांतला एकही आमदार नाही. मग इथला प्रश्न तिथे विचारायचा कोणी?

हा पेच फक्त खान्देशाचा नाही. विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे २०, काँग्रेसचे १६ आणि राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे १० सदस्य निवडून आले. एकूण सदस्यांच्या दहा टक्के म्हणजे २९ ही संख्या कोणत्याही एका पक्षाला गाठता आली नाही. मार्च २०२५ मध्ये ठाकरे यांच्या पक्षाने विरोधी पक्षनेतेपदासाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले, पण निर्णय लांबत राहिला. विधान परिषदेतले विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांची सदस्यत्वाची मुदत ऑगस्ट २०२५ अखेर संपली. त्यानंतर डिसेंबर २०२५ चे नागपूर अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडले.

दहा टक्क्यांच्या या अटीविषयी लोकांत बराच गैरसमज आहे. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन आणि भत्त्यांचा कायदा १९७८ चा आहे. विरोधातल्या पक्षांपैकी ज्याचे संख्याबळ सर्वांत जास्त, त्याच्या नेत्याला अध्यक्षांनी वा सभापतींनी मान्यता द्यावी, अशी त्याची रचना आहे. टक्केवारीचा उल्लेख त्यात नाही. ती अट येते लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांच्या काळातल्या संकेतातून. हेच मावळंकर १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि तेव्हा खान्देशही मुंबई प्रांतातच होता. सभागृहाची गणपूर्ती एक दशांश सदस्यांनी होते, म्हणून स्वतःच्या बळावर गणपूर्ती राखू शकेल तोच संसदीय पक्ष, असा त्यांचा विचार होता. त्या काळी पक्षांची बांधणी सैल होती. त्या परिस्थितीत तो विचार रास्त होता.

पुढच्या कायदेमंडळांनी मात्र वेगळी वाट मोकळी ठेवली. २०१५ मध्ये दिल्लीच्या ७० जणांच्या विधानसभेत भाजपचे अवघे तीन आमदार निवडून आले. तरीही विजेंदर गुप्ता यांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली. माहितीचा अधिकार कायद्यात राज्य माहिती आयुक्तांच्या निवड समितीवर मुख्यमंत्री आणि एका मंत्र्याबरोबर विधानसभेतला विरोधी पक्षनेता असतो. असा नेता मान्य झालेला नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाच्या नेत्याला विरोधी पक्षनेता मानावे, असे हा कायदाच सांगतो. पद रिकामे राहू शकते, पण काम थांबता कामा नये, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाच्या नेत्याला मान्यता द्यावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. त्याने सरकारचे बहुमत तसूभरही कमी होत नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. विरोधी पक्षांनी या पदाच्या मान्यतेवर जेवढी शक्ती खर्च केली, तेवढी आपली फळी उभी करण्यावर केली नाही. पद देणे अध्यक्षांच्या हाती आहे, पण आपसात कामाची वाटणी करणे सर्वस्वी विरोधकांच्या हाती आहे.

ही वाटणी कशी असते, हे ब्रिटनमधल्या प्रांतिक कायदेमंडळांत चांगले दिसते. लंडनच्या संसदेत ‘शॅडो कॅबिनेट’ ही जुनी रीत आहे. सरकारच्या प्रत्येक मंत्र्यासमोर विरोधी बाकावरचा एक सदस्य नेमलेला असतो. तो त्या खात्याचा अर्थसंकल्प वाचतो, संस्थांना भेटी देतो, विधेयकांवर पक्षाची भूमिका मांडतो आणि मंत्र्यानंतर बोलायला तोच उभा राहतो. १९३७ च्या कायद्याने तिथल्या विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून वेतनही सुरू झाले. १९९९ पासून स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र कायदेमंडळे कामाला लागली. आरोग्य, शेती असे आपल्याकडे राज्य सूचीत येणारे बहुतेक विषय त्यांच्याकडे आले आणि ही रीतही त्यांच्याबरोबर गेली. स्कॉटलंडच्या १२९ जणांच्या कायदेमंडळात ‘विरोधी पक्षनेता’ असे औपचारिक पद नाही. तरीही दर गुरुवारी तिथल्या प्रमुख मंत्र्याला विरोधी पक्षांचे नेते प्रश्न विचारतात आणि खात्यांच्या प्रश्नांच्या वेळी त्या त्या विषयाचा विरोधी प्रवक्ता उभा राहतो.

उत्तर आयर्लंडचे उदाहरण तर आपल्या आजच्या स्थितीला थेट लागू पडते. तिथल्या सभागृहात ९० सदस्य आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथले सरकार पुन्हा स्थापन झाले, तेव्हा एसडीएलपी या पक्षाने सत्तेबाहेर राहून अधिकृत विरोधी पक्षाची जबाबदारी घेतली आणि मॅथ्यू ओटूल विरोधी पक्षनेते झाले. या पक्षाचे सदस्य होते आठ. नव्वदात आठ म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडचा दहा टक्क्यांचा संकेत तिथे असता, तर त्यांना दारातच अडवले गेले असते.

आता आपल्या आकड्यांकडे पाहू. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून मोठा असू शकत नाही. २८८ जणांच्या सभागृहात ही मर्यादा मुख्यमंत्र्यांसह ४३ होते. विरोधातल्या तीन प्रमुख पक्षांचे मिळून ४६ आमदार निवडून आले. म्हणजे प्रत्येक मंत्र्यामागे एक आमदार नेमला, तरी तीन जण उरतात. संख्या कमी आहे म्हणून काम होत नाही, ही सबब या गणितापुढे टिकत नाही.

एका नेत्यावर सगळा भार टाकण्याचे तोटे महाराष्ट्राने भरपूर पाहिले आहेत. नारायण राणे विरोधी पक्षनेते होते. २००५ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले आणि मंत्री झाले. २०१४ मध्ये एकनाथ शिंदे काही आठवडे विरोधी पक्षनेते होते, मग त्यांचा पक्षच सरकारात सामील झाला. त्यांच्यानंतर आलेले राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये ज्या सरकारला प्रश्न विचारत होते, त्याच सरकारात मंत्री झाले. अजित पवार जुलै २०२३ मध्ये विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री झाले. प्रत्येकाची कारणे वेगळी होती आणि त्यांचा न्याय मतदारांनी केला आहे. परिणाम मात्र दर वेळी एकच झाला. नेता गेला की त्याच्याबरोबर त्याच्या फायली गेल्या, अधिकाऱ्यांशी आणि जाणकारांशी जोडलेले धागे तुटले आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कामाची वाटणी वीस-पंचवीस जणांत झालेली असती, तर एकाच्या जाण्याने एवढी पडझड झाली नसती.

असे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. २००५ च्या सुमारास शिवसेना-भाजप युतीने अशी रचना करून पाहिली होती. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने आपल्या चौदाव्या वर्धापनदिनी नवी मुंबईत ‘प्रतिरूप मंत्रिमंडळ’ जाहीर केले. कल्पना चांगली होती आणि शब्दही नेमका होता. पण त्या पक्षाचा विधानसभेत एकच आमदार होता. खाते वाटून घेतलेल्या नेत्यांना सभागृहात बोलण्याची सोय नव्हती. त्यातच पंधरवड्यात टाळेबंदी आली. २०२४ च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. प्रतिरूप मंत्रिमंडळाचे बळ प्रश्नोत्तरांच्या तासात असते आणि ते वापरायला सभागृहात माणसे लागतात, हा धडा त्यातून घेता येतो. आज ती माणसे आहेत.

फळीने केलेल्या कामाला यशही मिळते, याचे उदाहरण खडसे यांच्याच कारकिर्दीत आहे. दहा वर्षांत हजारो कोटी रुपये खर्चूनही राज्याचे सिंचन अवघे ०.१ टक्क्याने वाढले, हा आकडा २०१२ मध्ये सरकारच्याच आर्थिक पाहणीतून पुढे आला. विधानसभेत खडसे आणि विधान परिषदेत विनोद तावडे यांनी तो धरून ठेवला. देवेंद्र फडणवीस यांच्यासारख्या आमदारांनी खर्च आणि निविदांचे तपशील खणून काढले. खात्याच्या आतून मुख्य अभियंता विजय पांढरे यांच्या पत्रांनी त्याला पुष्टी मिळाली. सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या समितीसमोर तावडे आणि फडणवीस बैलगाडीतून पुराव्यांचे गठ्ठे घेऊन गेले, ते दृश्य लोकांच्या लक्षात राहिले. त्याआधी कितीतरी जणांनी महिनोन्महिने बसून कागद वाचले होते, हे फारसे कोणाच्या लक्षात नाही. विरोधी पक्षाचे खरे काम त्या वाचनात होते.

अशी फळी आज उभी राहिली, तर खान्देशाला काय मिळेल? पाण्यापासून सुरुवात करू. अमळनेर तालुक्यातल्या पाडळसे इथल्या निम्न तापी प्रकल्पाची वाट एका पिढीने पाहिली. गिरणेवरच्या सात बलून बंधाऱ्यांची चर्चा प्रत्येक निवडणुकीत होते. नार-पार-गिरणा नदीजोड प्रकल्पाचा खर्च सात हजार कोटींवर आहे. धुळे जिल्ह्यात सुलवाडे-जामफळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याकडे शिंदखेड्याची शिवारे डोळे लावून बसली आहेत. तापी पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय जळगावातच आहे. विरोधी फळीत जलसंपदा खात्यासाठी नेमलेला एक आमदार वर्षातून दोनदा या महामंडळात गेला, प्रत्येक प्रकल्पाचा मूळ खर्च, सुधारित खर्च, राहिलेले भूसंपादन आणि प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र यांचा तक्ता करून आला आणि तो तक्ता पुढ्यात ठेवून त्याने तारांकित प्रश्न विचारला, तर ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढ्या उत्तरावर मंत्र्याची सुटका होणार नाही. तो आमदार खान्देशचाच हवा असेही नाही. त्याला तापी माहीत हवी.

केळीचे तसेच आहे. रावेर-यावलच्या पट्ट्यात वादळी वाऱ्याने बाग आडवी झाली किंवा कडक उन्हाने घड करपले, की हवामानावर आधारित फळपीक विम्याचा प्रश्न येतो. विमा कृषी खात्याचा, पंचनामा महसुलाचा, हवामान केंद्राची नोंद महसूल मंडळाची आणि हप्त्याचा वाटा अर्थ खात्याचा. एकटा आमदार यातल्या एका खात्याला गाठतो, तोवर बाकीची खाती त्याला एकमेकांकडे पाठवतात. तीन खात्यांसाठी नेमलेले तीन विरोधी सदस्य एकाच आठवड्यात तिन्ही मंत्र्यांना एकच प्रश्न आपापल्या बाजूने विचारू लागले, तर टोलवाटोलवीला जागा राहणार नाही.

कापसाचा हंगाम आणि नागपूरचे अधिवेशन तर एकाच वेळी येतात. शेतकऱ्याच्या घरात कापूस पडून असतो, खरेदी केंद्र केव्हा सुरू होणार आणि ओलाव्याच्या नावाखाली किती माल परत जाणार याची त्याला चिंता असते. तेव्हाच सभागृहात लक्षवेधी सूचनांसाठी चढाओढ लागलेली असते. कृषी आणि पणन खात्यांसाठी नेमलेल्या सदस्याने ऑक्टोबरमध्येच जिनिंगवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांशी बोलून तयारी केली, तर डिसेंबरमध्ये तो घोषणा न देता आकडे मांडेल. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री तालुक्यांतल्या आदिवासी गावांचे वनहक्क दावेही याच जातीचे आहेत. त्यांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे करावा लागतो, एका भाषणाने ते सुटत नाहीत.

देखरेखीची गरज किती खरी आहे, हे धुळ्याने मे २०२५ मध्ये अनुभवले. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाख रुपयांची रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे यांनी त्या खोलीबाहेर ठाण मांडले होते. पैसा कोणाचा आणि कशासाठी, हे ठरवणे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. विधिमंडळाच्या समित्या सरकारी खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी असतात आणि त्यांत सर्व पक्षांचे सदस्य असतात. तयारीने बसणारे विरोधी सदस्य समितीत असतील, तर समितीचाही वचक राहतो आणि तिच्याकडे पाहणाऱ्या लोकांचा विश्वासही राहतो.

या सूचनेवर घेतले जाणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. तीन पक्ष, तीन नेतृत्वे आणि खाते वाटताना मानापमान होणारच. पण हे तिन्ही पक्ष २०१९ ते २०२२ या काळात एका सरकारात होते आणि खरी खाती त्यांनी वाटून घेतली होती. सत्तेतली वाटणी जमली, तर जबाबदारीची वाटणी जमणार नाही हे पटत नाही. दुसरा आक्षेप साधनांचा. मंत्र्यामागे सचिवालय असते, विरोधी आमदारामागे एखादा सहायक. ही उणीव खरी आहे. ब्रिटनने १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी सरकारी निधी देऊन ती काही प्रमाणात भरून काढली. आपल्याकडे तसे होईपर्यंत विद्यापीठे, शेतकरी संघटना, निवृत्त अभियंते आणि डॉक्टर यांची मदत मागावी लागेल. जळगावात बहिणाबाई चौधरी यांचे नाव लावणारे विद्यापीठ आहे. अर्थशास्त्राच्या आणि पर्यावरणाच्या विद्यार्थ्यांना तापी खोऱ्याची आकडेवारी लावण्यासारखा दुसरा चांगला अभ्यास नाही. तिसरा आक्षेप असा की खाते मिळालेला सदस्य उद्याचा मंत्री म्हणून मिरवू लागेल. मिरवू द्या. पाच वर्षे एका खात्याचा अभ्यास करून मंत्री झालेला माणूस, शपथविधीच्या आदल्या रात्री खाते कळलेल्या माणसापेक्षा राज्याला केव्हाही बरा.

सत्ताधाऱ्यांनाही यात भीती वाटण्याचे कारण नाही. त्यांच्यातल्या अनेकांनी विरोधी बाकावर वर्षे काढली आहेत आणि तिथे केलेला अभ्यासच त्यांना मंत्रालयात उपयोगी पडला आहे. अभ्यासू विरोधकापुढे उभे राहायचे असले, की मंत्र्याच्या हाताखालचे अधिकारीही तयारीने येतात. खात्यातल्या चुका कागदावरच दुरुस्त होतात आणि त्याचा फायदा सरकारलाच होतो.

म्हणून विरोधी पक्षांना आमचे सांगणे आहे की पुढच्या अधिवेशनाची वाट पाहू नका. ४६ जणांची एकत्र बैठक घ्या, खाती वाटा, नावे जाहीर करा आणि प्रत्येकाने वर्षात काय केले याचा हिशेब लोकांपुढे ठेवा. ज्या जिल्ह्यांत तुमचा एकही आमदार नाही, त्या प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका सदस्यावर नावानिशी टाका. त्यात जळगाव आणि धुळे आलेच.

आणि वाचकांनो, आपण कोणाला मत दिले हा प्रश्न इथे नाही. पाडळशाचे पाणी, केळीचा विमा, कापसाचे माप आणि वनहक्काचा दाखला पक्ष पाहून अडत नाहीत. आपल्या गावाचा प्रश्न तारीख, आकडा आणि कागदासह लिहून काढा. एक प्रत आपल्या आमदाराला द्या. दुसरी प्रत विरोधी पक्षांच्या विधिमंडळ कार्यालयात पाठवा आणि हा प्रश्न तुमच्यापैकी कोणाच्या खात्यात येतो, ते लेखी विचारा.